संचलन पाहणारे आणि परवानगी मागणारे

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि त्याची झळ वऱ्हाडात पोचायला फार वेळ लागला नाही. वऱ्हाडातले कामरगाव आज वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात येते. त्या काळी हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता, आणि इथला माणूस कापसाकडे डोळे लावून बसलेला असे. कारंज्याहून गाठी छोट्या रेल्वेने, म्हणजे आपल्या शकुंतलेने, मूर्तिजापूरला जात, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने जगभर. परदेशी व्यापारी या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावती, म्हणजे अमरावती, हे त्या नावाचे मूळ. कापूस इथे पिकला तरी त्याचा भाव न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या बाजारात ठरे. १९२९ साली न्यूयॉर्कला पौंडामागे सुमारे १७ सेंट असलेला भाव १९३२ च्या उन्हाळ्यात ५-६ सेंटांवर आला. सारा मात्र रोखच भरायचा होता आणि सावकाराचे व्याजही थांबत नव्हते. त्या वर्षांत हिंदुस्थानातून बोटी भरभरून सोने बाहेर गेले. शेतकऱ्यांच्या घरातले मोडलेले डाग त्यात होते.

ही मंदी एकट्या वऱ्हाडाची नव्हती, म्हणून तर तिच्यापासून सुरुवात करतो आहे. तिने जर्मनीत साठ लाख माणसे बेकार केली आणि हिटलर नावाच्या, तोवर बऱ्यापैकी दुर्लक्षित असलेल्या, पुढाऱ्याला मते मिळवून दिली. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्के मते होती. १९३० मध्ये ती १८ टक्क्यांवर गेली आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत युरोपात एकामागून एक हुकूमशहा उभे राहिले, ते असे पोट खपाटीला गेलेल्या आणि मान खाली गेलेल्या समाजांतून.

पण भूक होती म्हणून हुकूमशहा आला, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. भूक इथेही होती. १९३० साली याच अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मीठ तयार करून सत्याग्रह झाला. जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि जंगल सत्याग्रह वऱ्हाडभर पसरला. तीच मंदी, तेच वर्ष. एकीकडे माणसे तपकिरी शर्ट घालून दुसऱ्यांची डोकी फोडत होती आणि दुसरीकडे स्वतःहून तुरुंगात जात होती. तेव्हा संकटातून काय निघेल हे संकट ठरवत नाही. लोकांना कोणता रस्ता दाखवला जातो आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे ते कसे वागतात, यावर बरेच काही ठरते.

इटलीचेच पाहा. पहिले महायुद्ध जिंकूनही तो देश फसवला गेल्यासारखा वाटून घेत होता. मार्च १९१९ मध्ये मुसोलिनीने मिलान शहरात आपली संघटना काढली. उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांचे संप चालू होते. तिथल्या मोठ्या जमीनदारांनी मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्यांना पैसा पुरवला आणि या टोळ्यांनी मजुरांची कार्यालये जाळली, पुढाऱ्यांना बडवले. पोलीस बघत राहिले. ऑक्टोबर १९२२ मध्ये हे काळे शर्टवाले रोमवर चालून निघाले, तेव्हा पंतप्रधानांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजा व्हिक्टर इमॅन्युएलने त्यावर सही केली नाही. त्याने मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावले, आणि मुसोलिनी रात्रीच्या रेल्वेच्या डब्यात झोपून मिलानहून रोमला आला. संसदेत त्याच्या पक्षाचे तेव्हा ३५ सभासद होते. जिंकून घेतलेली म्हणून मिरवलेली ती सत्ता प्रत्यक्षात त्याच्या हाती देण्यात आली होती.

जर्मनीत याहून वेगळे घडले नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये हिटलरची मते ३३ टक्क्यांवर घसरली होती. ओहोटी लागली होती. पण सरदार-दरकदार आणि पुराणमतवादी पुढारी यांना वाटले की या माणसाची गर्दी वापरून घेऊ आणि लगाम आपल्या हाती ठेवू. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर नेमले. महिन्याभरात संसदेच्या इमारतीला आग लागली, दुसऱ्याच दिवशी एका वटहुकमाने नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले आणि २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला. विरोधातली सगळी मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते. जुलैत बाकीचे पक्षच बेकायदा ठरले. नेमणुकीपासून इथपर्यंत यायला सहा महिनेही लागले नाहीत.

हे सारे आपल्याकडची शिकलेली माणसे वर्तमानपत्रांतून वाचत होती. त्यांना ते कसे दिसत होते, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. विदर्भातल्याच तीन माणसांच्या वाटा या हुकूमशाह्यांच्या वाटेला जाऊन भिडल्या.

पहिले डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. नागपूरचे प्रख्यात नेत्रवैद्य, टिळकांचे अनुयायी, हिंदू महासभेचे पुढारी. तरुणपणी ते दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात वैद्यकीय पथकात होते आणि हिंदी माणसाला लष्करी शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. पहिल्या गोलमेज परिषदेला ते लंडनला गेले आणि परतताना मार्च १९३१ मध्ये इटलीत थांबले. १९ मार्चला त्यांनी रोममधल्या लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था पाहिल्या. ‘बालिल्ला’ म्हणजे आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची आणि ‘अव्हांग्वार्दिस्ती’ म्हणजे त्यावरच्या वयाच्या पोरांची फॅसिस्ट संघटना. ती मुलेही त्यांनी पाहिली. त्याच दिवशी पालाझ्झो व्हेनेझियात त्यांची मुसोलिनीशी भेट झाली. मुंजे डायरी नेमाने लिहीत. या भेटीचे तपशील त्यांनी त्यात नोंदवले आहेत आणि त्या संघटनेविषयीचे त्यांचे कौतुक त्यात लपत नाही. परत आल्यावर त्यांनी लष्करी शाळेची योजना हाती घेतली आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले.

मुंजे एकटे नव्हते, हे इथे सांगायलाच हवे. मराठी वाचकाच्या मनात इटली आधीपासून घर करून होती. १९०७ साली सावरकरांनी मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले आणि त्यानंतरच्या पिढीला इटली म्हणजे परक्यांचे जोखड फेकून एक झालेला देश, एवढेच ठाऊक होते. त्या मॅझिनी-गॅरिबाल्डीच्या मायेची सावली मुसोलिनीवर पडली. ‘केसरी’त १९२० च्या दशकात फॅसिस्ट इटलीविषयी कौतुकाने लिहून येत होते. रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये मुसोलिनीचे पाहुणे होऊन इटलीत गेले आणि त्यांच्या तोंडी पडलेल्या स्तुतीची तिथल्या सरकारी वृत्तपत्रांनी जाहिरात केली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ भेटले, हद्दपार इटालियनांच्या कहाण्या ऐकू आल्या, तेव्हा रवींद्रनाथांनी इंग्लंडच्या वृत्तपत्रात पत्र लिहून फॅसिझमचा जाहीर निषेध केला. गांधीजीही डिसेंबर १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीला भेटले. सुभाषबाबू एकाहून अधिक वेळा भेटले. नेहरूंनी मात्र मार्च १९३६ मध्ये रोमच्या विमानतळावरूनच भेटीला नकार दिला. पत्नीचे निधन होऊन काहीच दिवस झाले होते, आणि मुसोलिनीच्या फौजा त्या वेळी अबिसीनियाच्या माणसांवर विषारी वायू सोडत होत्या.

मुंजेंच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. निःशस्त्र केलेल्या गुलाम देशातल्या माणसाला शिस्तीत चालणारी मुले पाहून भरून यावे, यात नवल नाही. पण पाहुण्याला दाखवतात ते मैदान. त्याच मार्च १९३१ मध्ये, रोमपासून दूर दक्षिणेला तुरी गावच्या तुरुंगात अंतोनिओ ग्राम्शी नावाचा आजारी, ठेंगणा माणूस वह्या भरत बसला होता. अटक झाली तेव्हा तो संसदेचा निवडून आलेला सभासद होता. त्याला पाहुण्यांच्या कार्यक्रमात जागा नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात इटलीतल्या सगळ्या विद्यापीठ-प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली. बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते आणि शपथ नाकारणारे जेमतेम डझनभर निघाले. ज्या देशात बाराशे विद्वानांना मान तुकवावी लागते, तिथल्या आठ वर्षांच्या पोराच्या ताठ मानेचे काय कौतुक करायचे? मुंजेंनी हा प्रश्न विचारला असता तर फार बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

दुसरे पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पहिल्या महायुद्धात इराणच्या वाळवंटात इंग्रजांशी लढलेले. १९२१ मध्ये बर्लिनहून जे हिंदी क्रांतिकारक मदत मागायला मॉस्कोला गेले, त्यांत ते होते. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि गुलाम अंबिया लुहानी हेही त्या मंडळींत होते. बोलणी फसली. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला निघून गेले, तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात मका आणि गव्हावर संशोधन केले आणि मोठे नाव कमावले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले.

चट्टोपाध्याय म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ. जर्मनीत नाझींचे पारडे जड होऊ लागल्यावर ते पुन्हा रशियात आश्रयाला गेले. पण १९२२ मध्ये पक्षाचा सरचिटणीस झालेला स्टालिन तोवर सर्वेसर्वा बनला होता. शेतकऱ्यांची जमीन आणि धान्य जबरदस्तीने ताब्यात घेण्याच्या मोहिमेतून १९३२-३३ चा भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसे उपाशी मेली होती. मग १९३७-३८ ची धरपकड आली. त्या दोन वर्षांत रशियाच्या गुप्त पोलिसांनी जवळपास सात लाख माणसांना गोळ्या घातल्याचे त्यांच्याच दप्तरात नमूद आहे. चट्टोपाध्याय १९३७ मध्ये त्यांत गेले आणि लुहानी पुढच्या वर्षी. दोघांवर आरोप परकीय हेरगिरीचा. आयुष्य ज्या इंग्रजांशी झुंजण्यात गेले, त्यांनी त्यांना मारले नाही; ज्याला मित्र मानले त्या राज्याने मारले. स्टालिनच्या राज्यात अनेकांना स्वप्न दिसले होते, आणि ते स्वप्न पाहणाऱ्यांना मी हसणार नाही. पण खानखोज्यांची मेक्सिकोची बोट हा विदर्भाच्या इतिहासातला एक मोठा भाग्ययोग आहे.

तिसरे डॉ. मोरेश्वर चोळकर, तेही नागपूरचे डॉक्टर. त्यांची हकीगत थोडक्यात सांगतो, पण ती कापसाशी जोडलेली आहे. जपान हे आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे फार मोठे गिऱ्हाईक होते. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली तेव्हा १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला आणि कापूस-मुलखाचे धाबे दणाणले. पुढच्या वर्षी करार झाला: जपानने १५ लाख गाठी उचलाव्यात, त्या बदल्यात ४० कोटी वार जपानी कापड इथे येऊ द्यावे. जपानात हिटलरसारखा एकच हुकूमशहा नव्हता, पण लष्कराने सरकार हळूहळू आपल्या मुठीत घेतले होते आणि १९३७ मध्ये त्याने चीनवर सरसकट आक्रमण केले. १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यात सोलापूरचे तरुण द्वारकानाथ कोटणीस होते, आणि साठीकडे झुकलेले चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ते घरोघर पोचले. चोळकरांचे नाव विदर्भातही फार थोड्यांना माहीत आहे, आणि हे योग्य नाही.

आता ज्यांना हुकूमशाही पाहायला कुठे जावेच लागले नाही, त्यांच्याकडे वळू. ती त्यांच्या दारात आली. सावंतवाडीच्या पलीकडे, जिथे मराठी वाचली जात होती, मराठी नाटके होत होती आणि घरोघरी ज्ञानेश्वरी होती, त्या गोव्यात.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. गोव्यातल्या हिंदूंना शतकांनंतर बरोबरीचे नागरिक म्हणून मोकळा श्वास घेता आला. सरकारी नोकऱ्या उघडल्या, वाचनालये निघाली, फोंड्यासारख्या गावात सरस्वती मंदिर उभे राहिले, हेगडे देसाईंच्या ‘भारत’सारखी मराठी पत्रे सुरू झाली. पण लिस्बनमधले प्रजासत्ताक स्वतःच डळमळीत होते. सोळा वर्षांत चाळिसांहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. २८ मे १९२६ रोजी लष्कराने ते मोडून काढले. सेनापतींना राज्याचा हिशेब जमेना, म्हणून त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक बोलावला. आंतोनियो द ओलिव्हैरा सालाझार. १९२८ मध्ये तो अर्थमंत्री झाला तेव्हा त्याची अट होती की प्रत्येक खात्याच्या खर्चावर त्याचा शब्द अखेरचा राहील. वर्षभरात अंदाजपत्रक शिलकीत आले. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत राहिला.

सालाझार मुसोलिनीसारखा गच्चीवरून गर्जत नसे. गणवेश घालत नसे. लग्न केले नाही, साधा राहिला, चर्चला जायचा. शेतकऱ्याचा मुलगा. विद्वानांमध्ये आजही वाद आहे की त्याच्या राजवटीला हिटलर-स्टालिनच्या पंक्तीत बसवावे की नाही. बसवू नये, असेच मला वाटते. त्याने लाखोंनी माणसे मारली नाहीत आणि प्रत्येकाने रस्त्यावर येऊन जयजयकार करावा असा आग्रहही धरला नाही. त्याला शांतता हवी होती, तोंड मिटलेल्या माणसांची शांतता. पण सामान तेच होते: एकच राजकीय संघटना, १९३३ पासून गुप्त पोलीस, १९३६ मध्ये मुलांसाठी गणवेशधारी ‘मोसिदादी’, त्याच वर्षी केप व्हर्दे बेटांवर ताराफाल इथे विरोधकांसाठी छावणी, आणि सरकारी नोकराने आपण राज्यद्रोही विचारांचे नाही असे लिहून देण्याची सक्ती. १९३३ च्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले तेव्हा जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मते ‘हो’ म्हणून मोजली.

गोव्यावर घाव त्याआधीच बसला होता. १९३० मध्ये सालाझारने वसाहतींचा कायदा, ‘आक्तो कोलोनियाल’, आणला. परमुलूख ताब्यात ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्यच आहे, असे त्यात नोंदवले होते. प्रजासत्ताकात नागरिक म्हणवलेला गोवेकर पुन्हा वसाहतीतला माणूस झाला. मसुदा कळताच ४ जुलै १९३० रोजी पणजीच्या विधिमंडळात चांदोरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले आणि गोव्याला स्वतःचे भवितव्य ठरवण्याचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी मांडला. ख्रिस्ती, श्रीमंत भाटकार, म्हणजे जमीनदार, घराण्यातला, अस्खलित पोर्तुगीज लिहिणारा हा पत्रकार. सालाझारच्या विरोधात गोव्यातून उठलेला पहिला मोठा आवाज त्याचा होता, आणि हे मराठी वाचकाने विसरू नये. त्याचे ‘प्रकाश’ हे साप्ताहिक १९३७ मध्ये बंद पडले. पुढच्या वर्षी तो वारला.

हुकूमशाही आतून कशी असते हे कळण्यासाठी गोव्याची सेन्सॉरशिप पाहावी. छापायचा मजकूर आधी सरकारी सेन्सॉरकडे न्यायचा. तो पाहणार, खोडणार, शिक्का देणार, मग छापायचे. वर्तमानपत्रापुरतेच हे नव्हते. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘तरी सहकुटुंब सहपरिवार’ पर्यंतचा मजकूर एका कारकुनासमोर ठेवायचा आणि त्याची सही होईपर्यंत थांबायचे. सभेला परवानगी, संस्थेला परवानगी. यात कुणाच्या पाठीवर वळ उठत नाही, म्हणून बाहेरच्याला त्यात फार काही दिसत नाही. पण वीस-पंचवीस वर्षे असे जगल्यावर माणूस लिहिण्याआधीच मनात खोडू लागतो, आणि सेन्सॉरचे निम्मे काम तोच करून टाकतो. मला या राजवटीतली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते. शिस्त, शिलकी अंदाजपत्रक, रस्त्यावरची शांतता यांचे गोडवे गाणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की तुमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तुम्ही कोणाला दाखवायला न्याल?

सगळे गोवेकर याच्या विरोधात होते असेही नाही. अनेकांची नोकरी, इनाम, व्यापार या राजवटीत सुरक्षित होता, आणि अशी माणसे दोन्ही धर्मांत होती. उरलेल्यांपैकी बरेच जण मुंबईला आले. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणारे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा तिथूनही लिहीत राहिले. मुंबईत इंग्रजांचे राज्य होते, तरी लिहायला गोव्याहून अधिक जागा होती. पारतंत्र्यातही असा फरक असतो.

१९४६ मध्ये ती शांतता मोडली, आणि मोडणारे दोघे बर्लिनचे विद्यार्थी होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. राममनोहर लोहिया १९२९ ते १९३३ बर्लिनमध्ये शिकत होते. ज्या चार वर्षांत हिटलर ३ टक्क्यांवरून सत्तेवर पोचला, ती चारही वर्षे त्यांनी तिथल्या रस्त्यांवर पाहिली. आसोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस त्यांचे तिथले मित्र. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटलेले लोहिया जूनमध्ये विश्रांतीसाठी मिनेझिसांच्या घरी आले आणि लोक भेटायला येऊन सांगू लागले की इथे बोलायचीच बंदी आहे. १८ जून १९४६ रोजी, धो-धो पावसात, मडगावला त्यांनी बिनपरवानगी सभा घेतली. प्रशासक कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढले. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. सभा पुरी होण्याआधीच दोघांना पकडून नेले, पण जमलेले लोक पांगले नाहीत, घोषणा देत राहिले.

सालाझारने त्याचे उत्तर दिले. कुन्हांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवून लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालला, समुद्रकाठच्या पेनिश किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही तिकडेच धाडले. गुन्हा काय, तर भाषण आणि लेखन. १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘सागरापारचा प्रांत’ असे लिहिले गेले. माणसे तुरुंगात होती तिथेच राहिली. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ चालू केला आणि कोकणी-पोर्तुगीजमधून रोज गोव्यात बातम्या पोचवल्या. पुढे कॅसलरॉकहून. १९६१ पर्यंत तो अखंड चालला. सेन्सॉरच्या शिक्क्यावाचून गोव्याच्या घरांत शिरलेला तो आवाज होता, आणि रानात साप-जळवांच्या संगतीत सहा वर्षे काढून या दोघांनी तो जिवंत ठेवला.

मुसोलिनीला एप्रिल १९४५ मध्ये त्याच्याच देशातल्या लोकांनी गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्या देशातून नाझी फौजा हुसकताना रायगडकडचे यशवंत घाडगे पडले, आणि शेवटच्या महिन्यात निमजच्या नामदेव जाधवांनी सेनियो नदीकाठी जखमी अवस्थेत शत्रूची ठाणी घेतली. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. हिटलरने बर्लिनच्या तळघरात आत्महत्या केली. सालाझार मात्र टिकला, कारण तो युद्धात तटस्थ राहिला आणि नंतर पाश्चात्त्य देशांना उपयोगी पडला. म्हणून दोन महायुद्धांमधल्या काळात जन्मलेली एक हुकूमशाही आपल्या सरहद्दीवर १९६१ पर्यंत नांदली. डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा त्याने हुकूम पाठवला की आपले सैनिक एक तर विजयी होतील, नाही तर मरतील, शरणागती नाही. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा याने तो हुकूम मोडला, १९ डिसेंबरला शरण येऊन हजारो माणसांचा जीव वाचवला आणि त्याबद्दल स्वतःच्या देशात सैन्यातून बडतर्फी सोसली. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिक्षक होऊन गेले होते आणि आझाद गोमंतक दलात लढले. १९५५ मध्ये जखमी होऊन ते पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातच होते. सालाझारला १९६८ मध्ये मेंदूच्या आजाराने पद सोडावे लागले. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. पोर्तुगीज जनता स्वतः या हुकूमशाहीतून सुटली ती २५ एप्रिल १९७४ ला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिस्बनच्या नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. व्हासालो इ सिल्वालाही त्याचा हुद्दा परत मिळाला.

कारंजा-कामरगावकडची मंडळी दिवाळीत, उन्हाळ्यात गोव्याला जातात आणि आग्वादच्या किल्ल्यावर फोटो काढतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून जुना तुरुंग आहे. आता तिथे संग्रहालय केले आहे आणि कुन्हांची व लोहियांची कोठडी पाहता येते. मुलांना तिथे अवश्य न्या. मडगावला लोहिया मैदान शहराच्या मधोमध आहे. १८ जूनला तिथे जुने स्वातंत्र्यसैनिक आणि त्यांची मुले-नातवंडे जमतात.